पश्चिम द्रुतगती महामार्ग : एका रस्त्यावर तीन रस्त्यांचा भार

मुंबईचा पश्चिम द्रुतगती महामार्ग वांद्र्याला माहीमच्या खाडीपाशी सुरू होतो आणि दहिसरच्या चेकनाक्यावर शहराची हद्द ओलांडतो. मधले अंतर सुमारे २५ किलोमीटर. खार, सांताक्रूझ, विलेपार्ले, अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली ही सगळी उपनगरे त्याच्या कडेने एकामागून एक येतात. दहिसरनंतर तोच रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८ (जुना क्रमांक ८) म्हणून काशीमिरा, वसई, मनोर, तलासरी करीत गुजरातेत शिरतो आणि अहमदाबाद, जयपूरमार्गे दिल्लीला पोहोचतो. उपनगरांतली माणसे त्याला नुसते ‘हायवे’ म्हणतात. घराचा पत्ता सांगताना ‘हायवेच्या अलीकडे’ की ‘पलीकडे’ हे आधी सांगावे लागते, इतका तो तिथल्या भूगोलात रुजलेला आहे.

या रस्त्याचा प्रश्न थोडक्यात असा मांडता येतो. लांब पल्ल्याची वाहने शहरातून बाहेर काढणे, एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात माणसे नेणे आणि कडेच्या वस्त्यांना दारापर्यंत रस्ता देणे ही तीन वेगवेगळी कामे आहेत. वाहतूकशास्त्र त्यांसाठी तीन वेगवेगळ्या दर्जाचे रस्ते सांगते. पश्चिम उपनगरांत ही तिन्ही कामे एकाच डांबरी पट्ट्यावर येऊन पडली. गेल्या चार दशकांत या महामार्गावर जे काही बांधले गेले, त्यातले बहुतेक सगळे या तीन कामांची एकमेकांत झालेली गुंतागुंत सोडवण्यासाठी होते. ती सुटली कुठे आणि वाढली कुठे, हे पाहिल्याशिवाय या रस्त्याचे मोल नीट कळत नाही.

भारतीय रस्ते परिषदेच्या मानकांत नगरातील रस्त्यांची उतरंड दिलेली आहे. सर्वांत वर धमनी रस्ता, त्याखाली उपधमनी, मग संकलक आणि शेवटी गल्लीतला स्थानिक रस्ता. त्यांचे आराखड्यातले वेग अनुक्रमे ताशी ८०, ६०, ५० आणि ३० किलोमीटर. धमनी रस्त्याच्या अटी कडक आहेत: कडेच्या इमारतींची दारे थेट त्यावर उघडू नयेत, गाड्या उभ्या राहू नयेत, आडवी वाहतूक जवळजवळ नसावी. या अटी पाळल्या तर दुभाजक असलेला आठ पदरी रस्ता दोन्ही दिशा मिळून तासाला ७२०० ‘प्रवासी मोटार एकके’ सामावू शकतो. या हिशेबात मोटार म्हणजे एक एकक, दुचाकी साधारण अर्धे, बस किंवा ट्रक दोन ते तीन. अटी सुटल्या की तोच रुंद रस्ता उपधमनीच्या पायरीवर घसरतो आणि त्याची क्षमता सुमारे एक पंचमांशाने कमी होते. म्हणजे एका बाजूला रिक्षा उभ्या राहिल्या, दोन-चार ठिकाणी वळणे खुली सोडली, तर खर्चून रुंद केलेला रस्ता काहीही न तोडता अरुंद होतो. महामार्गावरच्या बहुतेक वादांचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

महामार्ग येण्याआधी या पट्ट्यात वाहतुकीचे दोन आधार होते. १८४० च्या दशकात माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीवर सेतू बांधला गेला. त्यासाठी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले होते. सेतूमुळे मुंबई बेट साष्टीच्या, म्हणजे आजची उपनगरे जिथे आहेत त्या बेटाच्या, पश्चिम किनाऱ्याशी जोडले गेले आणि वांद्र्याहून उत्तरेला घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्याला महत्त्व आले. तोच आजचा स्वामी विवेकानंद मार्ग. दुसरा आधार रेल्वेचा. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत गाडी आणली आणि १८६७ मध्ये विरारहून उपनगरी गाडी सुरू झाली. स्टेशन, स्टेशनजवळचा बाजार आणि घोडबंदर रस्ता यांच्याभोवती पार्ले, अंधेरी, मालाड, बोरिवली या जुन्या वस्त्या वाढल्या. त्यातला मोठा भाग रुळांच्या पश्चिमेला होता. पूर्वेला भातखाचरे, डोंगराचा पायथा आणि विखुरलेले पाडे होते.

म्हणूनच नव्या महामार्गासाठी पूर्वेची बाजू सोयीची ठरली. १९४८ साली एन. व्ही. मोडक आणि अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईचा आराखडा मांडला. बेटावर दाटलेली लोकसंख्या उपनगरांत आणि खाडीपलीकडे पसरवायची आणि त्यासाठी वेगवान रस्ते करायचे, हा त्याचा गाभा होता. १९५० मध्ये जवळची आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतची उपनगरे मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. पूर्व आणि पश्चिम हे दोन्ही द्रुतगती महामार्ग स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांतले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास करून बेटावरही मुक्त मार्गांचे जाळे सुचवले. ते मात्र तेव्हा झाले नाही. परिणामी रुंद महामार्ग वांद्र्यापर्यंत धडाक्यात यायचा आणि माहीमच्या सेतूवर त्याचे सगळे ओझे रिकामे व्हायचे. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू सुरू होईपर्यंत या टोकाला दुसरी थेट वाट नव्हती.

महामार्ग आखला गेला तेव्हा त्याच्या कडेला काय होते आणि आज काय आहे, यातला फरक जनगणनेत स्पष्ट दिसतो. १९५१ मध्ये आजच्या बृहन्मुंबईच्या हद्दीत सुमारे ३० लाख लोक होते आणि त्यांतले २३ लाख बेटावर राहत. उपनगरांच्या वाट्याला सात लाखही नव्हते. १९८१ पर्यंत बेटावर सुमारे ३३ लाख आणि उपनगरांत सुमारे ५० लाख अशी स्थिती झाली. २०११ मध्ये बेटाची लोकसंख्या घटून ३१ लाखांच्या आत आली, तर मुंबई उपनगर जिल्हा ९३ लाखांच्या पुढे गेला. त्याच वर्षी दहिसरपलीकडच्या मीरा-भाईंदरमध्ये आठ लाख आणि वसई-विरारमध्ये बारा लाख लोक होते. मोकळ्या माळातून गाडी पळवण्यासाठी काढलेला रस्ता साठ वर्षांत देशातल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एका वस्तीच्या मधोमध आला.

ही वस्ती आली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. गोरेगावच्या आरे दूध वसाहतीने १९४९ मध्ये शहरातले गोठे पूर्वेच्या टेकड्यांवर नेले. पुढे दादासाहेब फाळके चित्रनगरी त्याच परिसरात आली. कांदिवलीला महिंद्रचा कारखाना, अंधेरी-मरोळला औद्योगिक वसाहत आणि १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यात क्षेत्र यांनी महामार्गाच्या पूर्वेला रोजगार आणला. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतून बाहेर पडलेली मराठी कुटुंबे बोरिवली-दहिसरला आली आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर हा ओघ वाढला. दिंडोशीला मृणाल गोरे यांच्या पुढाकाराने नागरी निवारा परिषदेची हजारो घरे उभी राहिली. त्यांच्या शेजारी कुरार, पठाणवाडी, अप्पापाडा, दामूनगर या डोंगरउतारावरच्या कष्टकरी वस्त्या होत्याच. या सगळ्यांना स्टेशन दूर आणि महामार्ग जवळ होता. मालाडच्या कुराराहून स्टेशनला जायचे तरी आधी महामार्ग ओलांडावा लागे. लांब पल्ल्याच्या रस्त्यावर स्थानिक वाहतूक आली ती अशी, घराघरांतून. यात कुणाचा बेशिस्तपणा शोधणे अन्यायाचे आहे. पूर्वेकडच्या वस्त्यांना महामार्गाला समांतर असा दुसरा सलग रस्ता कुणी दिलाच नाही.

नोकऱ्यांच्या जागा बदलल्या, तसा प्रवासाचा रोखही बदलला. पूर्वी सकाळी सगळे दक्षिणेला, फोर्टकडे जात आणि त्यासाठी लोकल पुरेशी सोयीची होती. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण १९७५ मध्ये स्थापन झाल्यावर वांद्रे-कुर्ला संकुलाचा विकास हाती घेतला गेला. पुढे राष्ट्रीय शेअर बाजार, हिरे बाजार, बँकांची मुख्यालये तिथे आली. अंधेरी पूर्व, गोरेगावचा नेस्को परिसर, मालाड येथे माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये उभी राहिली. आता बोरिवलीचा माणूस अंधेरीला, मीरा रोडचा गोरेगावला, सांताक्रूझचा मालाडला कामाला जातो. यांतली बरीच कार्यालये स्टेशनपासून दोन-तीन किलोमीटरवर, पण महामार्गापासून हाकेच्या अंतरावर आहेत. विमानतळाची भर वेगळीच. सांताक्रूझचे देशांतर्गत टर्मिनल महामार्गालाच लागून आहे आणि २०१४ मध्ये सुरू झालेल्या सहारच्या टर्मिनल २ साठी महामार्गावरून थेट उन्नत रस्ता काढला गेला. त्यामुळे दोन्ही दिशांना दिवसभर गर्दी असते आणि सकाळ-संध्याकाळचा जुना भेद पुष्कळसा पुसला गेला आहे.

उड्डाणपुलांचा काळ १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ १९९६ मध्ये स्थापन झाले. नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री असताना मुंबईत पंचावन्न उड्डाणपुलांचा कार्यक्रम घेण्यात आला आणि त्यांतले बरेच पूल या महामार्गावर आले. हा खर्च वसूल करण्यासाठी शहराच्या पाच प्रवेशद्वारांवर, म्हणजे दहिसर, मुलुंड, आनंदनगर, ऐरोली आणि वाशी येथे पथकर लागला. पुलांमागचा विचार सरळ होता. ज्या चौकात आडवा रस्ता येतो तिथे सरळ जाणाऱ्याने वरून जावे, वळणाऱ्याने खालून. वांद्रे ते दहिसर या अंतरातले सिग्नल एकेक करून गेले. मध्यरात्री या रस्त्यावरून जाणाऱ्याला आजही त्या कामाचे मोल पटते.

पण पुलांची एक मर्यादा त्या वेळी फारशी मांडली गेली नाही. उड्डाणपूल चौक सोडवतो, रस्त्याची क्षमता वाढवत नाही. पूल उतरतो तिथे वरून आलेली वाहने आणि खालून चढणारी वाहने एकाच पट्ट्यात घुसतात. कोंडी चौकातून निघून पुलाच्या पायथ्याशी येते आणि पुढच्या पुलाच्या चढापर्यंत मागे पसरते. दोन पुलांमधले अंतर कमी असेल तर गुंता वाढतो, कारण डावीकडून चढलेल्याला उजवीकडे आणि उजवीकडच्याला उतरण्यासाठी डावीकडे जायचे असते. सांताक्रूझच्या वाकोल्यापासून अंधेरीपर्यंतच्या टप्प्यात हे रोज पाहायला मिळते. त्यात बसथांबे पुलाखालच्या पट्ट्यात राहिल्याने बस प्रत्येक चौकात अडकते आणि मोटार वरून निघून जाते. पुलांचा लाभ सर्वांत जास्त माणसे नेणाऱ्या वाहनाला सर्वांत कमी मिळाला, ही या कार्यक्रमातली खरी उणीव.

कोंडीचे दुसरे कारण महामार्गावर नाहीच, ते त्याच्या आडव्या रस्त्यांत आहे. पश्चिम उपनगरे उभ्या पट्ट्यांनी बनलेली आहेत. पश्चिमेकडून पाहत आले तर लिंक रोड, मग स्वामी विवेकानंद मार्ग, मग रेल्वे, मग महामार्ग आणि शेवटी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. रेल्वेची भिंत ओलांडायला मोजक्याच जागा आहेत: सांताक्रूझचा मिलन पूल, पार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल, अंधेरीचा गोखले पूल, गोरेगावचा मृणालताई गोरे पूल, बोरिवलीचा सुधीर फडके पूल आणि काही भुयारी रस्ते. पावसाळ्यात अंधेरी, मिलन, मालाडचे भुयारी रस्ते पाण्याखाली जातात आणि मोजक्यातल्याही कमी होतात. एक पूल बंद पडला तर काय होते, याचा धडा अंधेरीने दिला. जुलै २०१८ मध्ये गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीसाठी पूर्ण बंद झाला. नव्या पुलाची पहिली बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि दुसरी मे २०२५ मध्ये खुली झाली. त्या काळात पूर्व-पश्चिम जाणारी वाहने पार्ले आणि जोगेश्वरीकडे वळली. त्यांना तिथे नेणारा रस्ता महामार्गच होता. म्हणजे आडव्या रस्त्याचा अभाव उभ्या रस्त्याच्या माथी आला.

पूर्वेच्या बाजूला डोंगर असल्याने पूर्व आणि पश्चिम उपनगरांना जोडणारे रस्ते आणखी कमी. बराच काळ अंधेरी-कुर्ला रस्ता आणि शीवमार्गे वळसा एवढाच पर्याय होता. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात रुंद झाला. जागतिक बँकेच्या कर्जातून घेतलेला सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता अनेक वर्षे रखडून एप्रिल २०१४ मध्ये सुरू झाला. तिथून महामार्गावर वाकोल्याला उतरणारा टप्पा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी उभा राहिला. २०१९ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुल ते चुनाभट्टी हा उन्नत रस्ता आला. आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी राष्ट्रीय उद्यानाखालून सुमारे पावणेपाच किलोमीटरचे जुळे बोगदे आणि ठाणे-बोरिवली दरम्यान मागाठाण्याला निघणारा सुमारे बारा किलोमीटरचा भुयारी मार्ग हाती घेतलेला आहे. ठाण्याहून बोरिवलीला जाणारा माणूस आज घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट चढून, काशीमिऱ्याला वळून, दहिसरमार्गे महामार्गावर येतो. भुयारी मार्ग झाल्यावर दहिसरच्या टोकावरचा हा भार कमी होईल. मात्र मागाठाण्याला बाहेर पडणारी वाहने पुढे कुठे जाणार, याचे उत्तर पुन्हा महामार्गाकडेच येते. जोडरस्ता जिथे मिळतो त्या चौकाची रचना बोगद्याइतकीच विचारपूर्वक व्हायला हवी. आजवरच्या प्रकल्पांत नेमकी तीच उरल्यासुरल्या जागेत आणि वेळेत उरकली गेली आहे.

रस्त्याची क्षमता वाहनांत मोजायची की माणसांत, हा प्रश्न या महामार्गाने उशिरा विचारला. हिशेब अवघड नाही. आठ पदरी धमनी रस्त्याच्या एका बाजूने तासाला ३६०० एकके जातात. सगळ्या मोटारी धरल्या आणि गाडीत सरासरी दीड माणूस मानला तर ५४०० माणसे होतात. शेजारच्या रुळांवरून बारा डब्यांची एक लोकल गर्दीच्या वेळी चार हजारांहून अधिक माणसे नेते. म्हणजे महामार्गाची एक बाजू मोटारींनी तासभर तुडुंब वाहिली तरी दीड लोकलपेक्षा कमी माणसे पुढे जातात. पदर वाढवून हा प्रश्न सुटणारा नव्हता, हे या आकड्यांवरूनच उघड आहे. २००० च्या दशकात प्रदेश प्राधिकरणाने करवून घेतलेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासातही यंत्रचलित प्रवासांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक प्रवास लोकल आणि बसने होत असल्याचे दिसले. रस्त्यावरची जागा मात्र त्या प्रमाणात बसला कधी मिळाली नाही.

या पार्श्वभूमीवर मेट्रो ७ हे महामार्गावरचे सर्वांत महत्त्वाचे काम मानायला हवे. अंधेरी पूर्वेच्या गुंदवलीपासून दहिसर पूर्वेपर्यंत सुमारे साडेसोळा किलोमीटरचा हा मार्ग महामार्गाच्या दुभाजकातल्या खांबांवर उभा आहे. त्यावर तेरा स्थानके आहेत. काम २०१६ मध्ये सुरू झाले, पहिला टप्पा २ एप्रिल २०२२ रोजी आणि उरलेला १९ जानेवारी २०२३ रोजी खुला झाला. अंधेरीला तो २०१४ पासून चालू असलेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रो १ ला मिळतो आणि दहिसरला लिंक रोडवरच्या मेट्रो २अ ला. या दोन नव्या मार्गांवरून मिळून रोज दोन-तीन लाख माणसे प्रवास करतात. पाच-सहा वर्षे कामाच्या पत्र्यांनी पदर अडवले, लोकांनी ते सोसले. त्याचा मोबदला म्हणून आकुर्ली, कुरार, दिंडोशी, आरे या स्टेशनपासून दूरच्या वस्त्यांना पहिल्यांदाच दारात रेल्वे मिळाली. स्थानकांचे पादचारी पूल महामार्गाच्या दोन्ही बाजूंना उतरत असल्याने रस्ता ओलांडण्याचीही सोय झाली. हा लाभ आराखड्यात दुय्यम होता, प्रत्यक्षात तो फार मोठा ठरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पुढे थेट कफ परेडपर्यंत भुयारी मेट्रो ३ सुरू झाली. उत्तरेला मीरा-भाईंदरचा मेट्रो ९ आणि दक्षिणेला विमानतळाचा मेट्रो ७अ हे त्याच रेषेचे विस्तार आहेत.

मेट्रोमुळे महामार्ग मोकळा झाला का? तसे झाले नाही आणि तशी अपेक्षाही चुकीची होती. मोकळी झालेली जागा नवी वाहने भरून काढतात, हा जगभरच्या शहरांचा अनुभव आहे. मुंबईत नोंदलेली वाहने चाळीस लाखांवर गेली आहेत. ताडदेव, अंधेरी आणि वडाळा ही तीन परिवहन कार्यालये पुरेनात म्हणून बोरिवलीला चौथे काढावे लागले, यावरूनच पश्चिम उपनगरांचा वाटा कळतो. मेट्रोने कोंडीतून बाहेर पडण्याची वाट दिली. ती घेणाऱ्याला बोरिवली ते अंधेरी हा प्रवास किती मिनिटांचा हे आधी सांगता येते, आणि नोकरदाराला ते पुष्कळ असते.

प्रदेशाच्या दृष्टीने पाहिले तर हा महामार्ग पश्चिम भारताकडून मुंबईत येणारा दरवाजा आहे. वापीची रसायने, तारापूरचा औद्योगिक माल, गुजरातेतून येणारे दुधाचे टँकर, वसईची भाजी आणि फुले यांचा मोठा हिस्सा इथून आत येतो. न्हावाशेव्याच्या बंदराकडे जाणारे कंटेनर मात्र दहिसरपर्यंत येत नाहीत. ते काशीमिऱ्याच्या पुढून घोडबंदर रस्त्याला लागतात आणि ठाणे, कळवा करीत कळंबोलीकडे उतरतात. भिवंडीच्या गोदामांचा मालही त्याच वाटेने फिरतो. त्यामुळे गायमुखला एखादा ट्रक बंद पडला तर रांग वर्सोव्याच्या खाडीपुलापर्यंत जाते आणि तिचा ताण दहिसरला जाणवतो. वसईच्या खाडीवरचा जुना वर्सोवा पूल कमकुवत झाल्याने गेल्या दशकात अनेकदा जड वाहनांना बंद ठेवावा लागला. त्या प्रत्येक वेळी मुंबईची उत्तरेची बाजू जवळजवळ तुटली. शेजारचा नवा पूल २०२३ मध्ये सुरू झाल्यावर हा धोका टळला. शहराच्या हद्दीत जड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी असते आणि वेळ संपेपर्यंत ट्रक दहिसरपलीकडे थांबून राहतात. तिथे चालकांसाठी वाहनतळ, पाणी, शौचालय यांची नीट सोय असणे हा वाहतुकीच्या नियोजनाचाच भाग आहे आणि त्याकडे झालेले दुर्लक्ष भूषणावह नाही.

माणसांचीही लांब पल्ल्याची वाहतूक या रस्त्यावर मोठी आहे. गुजरात, राजस्थानकडे जाणाऱ्या खासगी बस बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आणि अंधेरीला महामार्गाच्या कडेलाच प्रवासी घेतात. गणेशोत्सवात कोकणासाठी सुटणाऱ्या एसटीच्या जादा गाड्या दहिसर, बोरिवली, मालाड, गोरेगावहून भरून याच महामार्गाने दक्षिणेला येतात. कडेला थांबणाऱ्या बससाठी वेगळी खाच किंवा आगार नसल्याने रात्री आठ-नऊनंतर एक पदर त्यांच्यात जातो.

दहिसरचा पथकर नाका हा अनेक वर्षे स्वतःच एक अडथळा होता. मीरा रोडहून बोरिवलीला जाणाऱ्यालाही, म्हणजे रोजच्या प्रवाशाला, शहराच्या वेशीचा कर भरत रांगेत थांबावे लागे. १५ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा पथकर रद्द झाला. जड वाहनांचा कर मात्र चालू राहिला. हा निर्णय प्रवाशाच्या दृष्टीने योग्यच होता, कारण महानगर प्रदेश एक मानायचा आणि त्याच्या मधोमध नाका ठेवायचा, हे परस्परविरोधी होते.

सुरक्षेच्या बाजूने महामार्गाचा इतिहास खिन्न करणारा आहे. वेगाने जाणारी वाहने आणि पायी रस्ता ओलांडणारी माणसे एकाच जागी आली की मरतो तो चालणारा. पादचारी पूल बांधले, पण त्यांतले अनेक चौकापासून दूर, उंच आणि अंधारे होते. शंभर पायऱ्या चढायला लावणारा पूल म्हातारी माणसे आणि हातगाडीवाले वापरत नाहीत, ते दुभाजकाच्या फटीतून जातात. महापालिकेने जोगेश्वरीला महामार्गालगतच अपघातग्रस्तांसाठी बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर रुग्णालय उभारले, हे या गरजेला दिलेले ठोस उत्तर. जीव गमावणारी नुसती माणसेच नाहीत. राष्ट्रीय उद्यान महामार्गाला आणि घोडबंदर रस्त्याला खेटून आहे, आणि दहिसरच्या पुढे काशीमिरा-घोडबंदर पट्ट्यात रस्ता ओलांडताना बिबटे मेलेले आहेत. तिथे वन्यप्राण्यांसाठी सुरक्षित भुयारे व्हावीत ही अभ्यासकांची मागणी जुनी आहे.

पाऊस हा या रस्त्याचा कायमचा परीक्षक. दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्या राष्ट्रीय उद्यान आणि आरेच्या डोंगरातून निघून पश्चिमेला समुद्राकडे जातात आणि प्रत्येकीला महामार्ग ओलांडावा लागतो. महामार्गाचा भराव हा पाण्याच्या वाटेतला आडवा बांध झाला आणि त्याखालच्या मोऱ्यांची रुंदी ठरली तेव्हा वरचे उतार काँक्रीटने झाकलेले नव्हते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हजारो माणसे रात्रभर महामार्गावर गाड्यांत अडकली, हजारो चालत घरी गेली. तेव्हापासून नाल्यांची रुंदी आणि मोऱ्यांची सफाई यांना रस्त्याच्या देखभालीत स्थान मिळाले. खड्ड्यांचा प्रश्न मात्र दर पावसाळ्यात नव्याने उभा राहतो, विशेषतः उड्डाणपुलांच्या जोडांपाशी आणि जिथे पूल सपाट रस्त्याला टेकतो तिथे. डांबरात पाणी मुरण्याची ती ठरलेली जागा आहे.

देखभाल कुणाची, हा प्रश्न त्याला जोडूनच येतो. मूळ रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा. उड्डाणपूल रस्ते विकास महामंडळाचे. पुढे महामार्ग प्रदेश प्राधिकरणाकडे गेला आणि २०२२ च्या अखेरीस पूर्व व पश्चिम हे दोन्ही द्रुतगती महामार्ग मुंबई महापालिकेकडे सोपवले गेले. पथकर महामंडळाचा, मेट्रोचे खांब प्राधिकरणाचे, वाहतूक पोलिसांची, बस बेस्टची आणि दहिसरपलीकडे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. या वाटणीत पुलाचा उतार, सर्व्हिस रोडवरचे अतिक्रमण, बंद दिवा अशी बारीक कामे दोन कार्यालयांच्या मधे पडून राहत आली. महापालिकेकडे रस्ता आल्याने निदान सर्व्हिस रोड, गटार, पदपथ आणि मुख्य रस्ता एकाच हातात आले. यातून खरा उपयोग व्हायचा असेल तर सर्व्हिस रोड सलग करणे हे पहिले काम ठरते. आज ते नाल्यापाशी, पुलाच्या पायथ्याशी, कधी एखाद्या कुंपणापाशी तुटतात आणि शेजारच्या गल्लीत जाणाऱ्यालाही मुख्य महामार्गावर चढावे लागते. तुटलेले तुकडे जोडले तर स्थानिक वाहतूक मुख्य पदरांतून बाहेर पडेल, आणि हे काम एखाद्या बोगद्याच्या तुलनेत फार स्वस्त आहे.

लांब पल्ल्याच्या वाहतुकीला बाहेरून वाट देण्याचे प्रयत्न दोन दिशांनी चालू आहेत. वडोदऱ्याहून तलासरी, विरारच्या पूर्वेने मोरबेपर्यंत येणारा द्रुतगती मार्ग झाला की गुजरातहून न्हावाशेव्याला जाणाऱ्या कंटेनरांना घोडबंदरला वळावे लागणार नाही. विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्गिकेची आखणीही याच दिशेची आहे. पश्चिमेला समुद्राच्या बाजूने वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचे काम चालू आहे आणि पुढे वर्सोव्याहून दहिसर, भाईंदरपर्यंतचा किनारी रस्ता आखलेला आहे. पहिला प्रकार दहिसरच्या टोकावरचा ट्रकांचा ताण कमी करील, दुसरा महामार्गावरच्या मोटारी. पूर्वेच्या वस्त्यांमधून स्टेशनला, शाळेला, कामाला जाणाऱ्या माणसाला यांतला कोणताच रस्ता उपयोगी नाही. त्याच्यासाठी मेट्रोच्या स्थानकापर्यंत वेळेवर पोहोचवणारी बस, रिक्षाला उभे राहायला राखलेली जागा आणि चालण्याजोगा पदपथ हवा. ही तिन्ही कामे महामार्गाच्या कडेला, विद्यमान जागेतच करण्यासारखी आहेत.